माजी सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याची अडकलेली पेन्शन घरच्यांना कशी मिळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात एका गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, अपशिंगे. बाकीच्या गावांच्या नावात ते नसलं तरी खटाव-माणपासून पाटण-जावळीपर्यंत फौजेची पेन्शन न येणारी वाडी सापडणं कठीण. भरतीला कसं जायचं हे इथल्या पोरांना बरोबर माहीत असतं. पण घरातले माजी सैनिक गेले की त्यांचे सरकारकडे राहिलेले पैसे कसे मागायचे, इथे घरं अडखळतात. दहाव्याच्या आत भावकी सल्ले द्यायला लागते आणि त्यातले निम्मे चुकीचे असतात. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः भूदलाच्या पेन्शनरांसाठी आहेत. नौदल आणि हवाई दलाचे नियम बहुतेक तेच, ऑफिसं मात्र वेगळी.

वडील गेले. त्यांची पेन्शन आता आईला सुरू होईल ना? मग वेगळं काय मागायचं?

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे घोळ तिथेच सुरू होतात. वडिलांच्या मागे तीन वेगवेगळे पैसे असतात.

पहिला, जो मृत्यूआधीच बँक खात्यात जमा झालेला आहे. तो आता बँकेचा विषय. खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर आई तो काढू शकते, नसेल तर बँकेत ज्याचं नॉमिनेशन आहे तो. पेन्शन ऑफिसचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरा, जो वडिलांच्या हयातीतला आहे पण त्यांना मिळालाच नाही. त्यांच्या हक्काचा, पण सरकारकडेच राहिलेला. कागदावर त्याला 'लाइफ टाइम एरियर्स' म्हणतात. फौजी मंडळी नुसतं 'एलटीए' म्हणतात.

तिसरा, मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होणारी फॅमिली पेन्शन. ही आईची स्वतःची. ती वडिलांच्या इच्छेवर किंवा मृत्युपत्रावर अवलंबून नाही, नियमात जो पात्र आहे त्यालाच मिळते.

तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. बँकेत नॉमिनी थोरला मुलगा, एलटीएला नॉमिनी धाकटा आणि फॅमिली पेन्शन आईला, हे अगदी कायदेशीर आहे. आणि फॅमिली पेन्शन सुरू झाली म्हणजे एलटीए आपोआप आलंच, असं धरून चालू नका. अनेक घरांत आईची पेन्शन व्यवस्थित चालू असते आणि वडिलांचा फरक कोणी मागितलेलाच नसतो.

एलटीएमध्ये नेमकं काय काय येतं?

सगळ्यात साधं म्हणजे मृत्यूच्या महिन्यातले दिवस. त्यानंतर महागाई दिलासा. तो १ जानेवारी आणि १ जुलैपासून लागू होतो, पण जाहीर दोन-तीन महिन्यांनी होतो. ऑगस्टमध्ये माणूस गेला आणि ऑक्टोबरमध्ये जुलैपासूनची वाढ जाहीर झाली, तर जुलै-ऑगस्टचा फरक त्याचाच. रक्कम किरकोळ वाटते, म्हणून कोणी विचारत नाही.

मोठ्या रकमा तीन प्रकारांत असतात: वन रँक वन पेन्शनचा (ओआरओपी, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल त्यांना सारखी पेन्शन) फरक, हयातीचा दाखला न दिल्यामुळे थांबलेली पेन्शन, आणि अपंगत्व पेन्शनचा उशिरा लागलेला निकाल. तिन्हींबद्दल खाली स्वतंत्र लिहिलं आहे.

एक मात्र आत्ताच सांगतो. करोनाच्या काळात गोठवलेल्या १८ महिन्यांच्या महागाई दिलाशाबद्दल, म्हणजे जानेवारी २०२० ते जून २०२१, अजून विचारणा होते. त्याचा फरक हयात पेन्शनरांनाही दिलेला नाही. त्यामुळे वारसांना मिळण्याचा प्रश्न येत नाही. कोणी 'काढून देतो' म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

मृत्यूच्या महिन्याचा हिशोब कसा करतात?

मृत्यूचा दिवस पेन्शनरच्या हिशोबात धरतात. फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासून.

समजा महागाई दिलाशासह पेन्शन ३०,००० रुपये होती आणि मृत्यू १२ नोव्हेंबरला झाला. १ ते १२ तारखेचे १२,००० रुपये वडिलांचे, म्हणजे एलटीए. १३ ते ३० चे १८ दिवस आईचे. तिची फॅमिली पेन्शन महिन्याला १८,००० बसत असेल तर त्या १८ दिवसांचे १०,८०० रुपये होतात.

आता गंमत अशी की नोव्हेंबर संपेपर्यंत कोणी कळवलेलं नसतं. महिनाअखेर पूर्ण ३०,००० खात्यात पडतात. त्यातले १८,००० जास्तीचे. आईचे १०,८०० वळते केले तरी ७,२०० रुपये सरकारचं देणं राहतं. ही वसुली बँकेतून परत घेऊन होते, किंवा आईच्या फॅमिली पेन्शनच्या फरकातून कापून होते. तीन-चार महिने कळवलं नाही तर हीच रक्कम फुगत जाते, आणि मग आईची पहिली पेन्शन हातात कमी पडली म्हणून घरात चर्चा सुरू होते.

पेन्शन येतच राहिली आणि आम्ही एटीएममधून काढली. गुन्हा होईल का?

लगेच कळवा आणि परत भरा. नकळत झालेली गोष्ट वसुलीवर मिटते. महिनोन्‌महिने माहीत असून काढत राहिलात, किंवा मेलेल्या माणसाच्या नावाने हयातीचा दाखला दिलात, तर ती फसवणूक आहे आणि फौजदारीपर्यंत जाऊ शकते.

ओआरओपीचा फरक जाहीर झाला तेव्हा वडील हयात नव्हते. तरी मिळतो?

मिळतो. हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच पडून आहेत.

वन रँक वन पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू झालं. दर पाच वर्षांनी फेरआखणी ठरली होती, त्याप्रमाणे दुसरी १ जुलै २०१९ पासून व्हायला हवी होती. ती वेळेत झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये आदेश दिला, केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २३ डिसेंबर २०२२ ला आली. म्हणजे साडेतीन वर्षांचा फरक साचला. त्याच साडेतीन वर्षांत करोनाच्या लाटा येऊन गेल्या आणि कितीतरी म्हातारे फौजी गेले.

उदाहरण घेऊ. एक सुभेदार १५ मार्च २०२१ ला वारले. १ जुलै २०१९ पासून १५ मार्च २०२१ पर्यंतचा फरक त्यांचा स्वतःचा, तो एलटीए म्हणून नॉमिनीला किंवा वारसांना. १६ मार्च २०२१ पासून सुधारलेल्या फॅमिली पेन्शनचा फरक त्यांच्या पत्नीचा. एकाच घरात, एकाच आदेशाचे दोन फरक. दुसरा बहुतेकदा आपोआप जमा झालेला असतो, कारण काकूंचं खातं चालू आहे. पहिला मागावा लागतो.

वाटपाचं वेळापत्रकही लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठरवून दिलं: फॅमिली पेन्शनर आणि शौर्यपदकविजेत्यांना ३० एप्रिल २०२३ पर्यंत एकरकमी, ७० वर्षांवरच्यांना ३० जून २०२३ पर्यंत, आणि बाकीच्यांना ३१ ऑगस्ट २०२३, ३० नोव्हेंबर २०२३ आणि २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन समान हप्त्यांत. त्यामुळे एखादा माणूस ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला असेल तर त्याचा एखादा हप्ता आला आणि दोन राहिले, असं होऊ शकतं. पासबुकावर त्या महिन्यांच्या नोंदी बघा. पेन्शनपेक्षा वेगळी, मोठी जमा दिसली नाही तर विचारा.

२०१४ च्या पहिल्या टप्प्याचा फरकही सहामाही हप्त्यांत होता. तेव्हा गेलेल्यांच्या घरीही पाहायला हरकत नाही. तिसरी फेरआखणी १ जुलै २०२४ पासूनची आहे. एक अपवाद: १ जुलै २०१४ नंतर स्वतःहून मुदतपूर्व निवृत्ती घेतलेल्यांना ओआरओपी लागू नाही.

एलटीए कोणाच्या हातात देतात?

पेन्शनरने हयातीत नॉमिनी नेमला असेल तर त्याच्या. १८७१ च्या पेन्शन कायद्यात कलम १२-अ आहे आणि त्याखाली १९८३ चे नामनिर्देशन नियम आहेत. पेन्शनर कोणाचंही नाव देऊ शकतो, एकापेक्षा जास्त नावं आणि टक्केवारीही देता येते, आणि हवं तेव्हा बदलता येतं. फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' या प्रणालीत आता हे ऑनलाइन भरता येतं.

नॉमिनी नसेल, किंवा तो आधीच वारला असेल आणि पर्यायी नाव दिलेलं नसेल, तर कायदेशीर वारसांना. हिंदू कुटुंबात १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. मुस्लिम कुटुंबात त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे हिस्से पडतात.

म्हणजे आमच्या आजीलाही हिस्सा?

हो. मुलाच्या मागे आई हयात असेल तर ती पहिल्या वर्गाची वारस आहे. वडील मात्र त्या वर्गात नाहीत. अर्जात आजीचं नाव सोडून देतात आणि नंतर चुलते आक्षेप घेतात, असं घडतं.

आम्ही बहिणी लग्न होऊन गेलो. जमिनीवर हक्कसोड पत्र केलं आहे. तरी सही मागतात, का?

कारण ते हक्कसोड पत्र त्या गटाच्या जमिनीपुरतं होतं. पेन्शनचा फरक ही वेगळी मालमत्ता. नॉमिनेशन नसेल तर विवाहित मुलीचा हिस्सा भावाइतकाच आहे. सोडायचा असेल तर वेगळं संमतीपत्र द्या, ठेवायचा असेल तर ठेवा. 'आईच्या नावावर जाऊ दे' म्हणून बहिणी बहुतेकदा सही देतातच, पण सही घेताना कागदावर काय लिहिलं आहे ते त्यांना वाचून दाखवायला काय जातं?

फॅमिली पेन्शनमध्ये विवाहित मुलीला हिस्सा नाही.

वडिलांनी नॉमिनी म्हणून काकांचं नाव दिलंय, लग्नाआधीचं. आता?

ऑफिस कागद बघतं. नाव काकांचं असेल तर रक्कम काकांना दिली की ऑफिसच्या दृष्टीने विषय संपला. काका समजूतदार असतील तर घरातच मिटेल. नसतील तर पैसे अदा होण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या, नंतर वाट लांबची होते. फॅमिली पेन्शनवर मात्र या नॉमिनेशनचा काही परिणाम होत नाही. ती आईचीच.

वारस दाखला कोणता लागतो? तलाठ्याने वारस नोंद केली आहे, ती चालेल का?

नाही चालत, आणि यावर लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून सविस्तर सांगतो.

तलाठ्याकडची वारस नोंद म्हणजे सातबारावरचा फेरफार. तो जमिनीचा महसुली हिशोब आहे. ग्रामपंचायतीचा 'वारस दाखला' लेटरहेडवर मिळतो, तोही गावच्या माहितीपुरता. ही कागदं पुरावा म्हणून जोडता येतात, पण त्यांच्या जोरावर केंद्र सरकारचं पेन्शन ऑफिस मोठी रक्कम सोडत नाही.

कोर्टाचे दाखले दोन प्रकारचे. एक, १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालचा वारस दाखला. हा जुन्या मुंबई इलाख्यातला, म्हणून आपल्याकडे चालतो. दुसरा, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा, ज्याला वकील मंडळी 'सक्सेशन' म्हणतात. तो येणं आणि रोखे यांसाठी असतो. दोन्हींसाठी दिवाणी न्यायालयात अर्ज, मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, कोणाची हरकत आली नाही तर दाखला. हरकत आली तर तारखा.

आमचा आग्रह एवढाच, की वकिलाकडे जाण्याआधी पेन्शन ऑफिसकडून लेखी विचारून घ्या: एलटीएची रक्कम किती आहे, आणि त्यासाठी कोणता दाखला लागेल? रक्कम लहान आणि वाद नसेल तर नुकसानभरपाईचं बंधपत्र, जामीनदार आणि सगळ्या वारसांची संमती यांवर काम होऊ शकतं. रक्कम मोठी असेल किंवा वारसांत मतभेद असतील तर कोर्टाचा दाखला टळत नाही. आठ-दहा हजारांच्या फरकासाठी कोर्टात त्याहून जास्त खर्च करणारी घरं आम्ही पाहिली आहेत. आणि कोर्टात जाणारच असाल तर एकाच अर्जात बँक, विमा, पोस्ट आणि पेन्शन सगळं घाला.

आईचं नाव पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) वेगळं आहे, आधारवर वेगळं. काय करायचं?

स्वागत आहे, रांगेत उभे राहा. साताऱ्यातल्या निम्म्या प्रकरणांचं मूळ हेच असेल.

लग्नाच्या वेळी जवान सुट्टीवरून परत गेला, युनिटमधल्या क्लार्कला बायकोचं नाव सांगितलं, त्याने लिहिलं 'लक्ष्मी'. इकडे आधारवर 'लक्ष्मीबाई', रेशन कार्डावर 'लक्षुमी', शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. जन्मतारीख तर फौजेच्या नोंदीत एक, आधारवर १ जानेवारी. बाईंचं म्हणणं तिसरंच.

दोन-चार अक्षरांचा फरक असेल तर 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार आणि डिस्चार्ज बुकावरची नोंद यांवर बहुतेकदा भागतं. नाव पूर्ण वेगळं असेल, किंवा पत्नीची नोंदच नसेल, तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते. रेकॉर्ड ऑफिस 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये, म्हणजे जवानाचं लग्न, मुलं वगैरे नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशांत, लग्नाची नोंद शोधतं. ती सापडली तर अर्धं काम झालं. नाही सापडली तर लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, सरपंच आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र असा पुराव्यांचा ढीग लागतो.

डिस्चार्ज बुक सांभाळा. ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, जुन्या मेडल्सबरोबर असतं ते. कुटुंबाच्या तपशिलाचं पान उघडा आणि त्याचा फोटो आजच काढून ठेवा. शाई उडत चाललेली असते.

अर्ज कुठे करायचा? साताऱ्यात, बेळगावला की प्रयागराजला?

सुरुवात साताऱ्यातूनच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ज्याला जुनी माणसं अजून 'सैनिक बोर्ड' म्हणतात. तिथे फॉर्म, मार्गदर्शन आणि शिक्के मिळतात, पैसे लागत नाहीत. सांगलीकरांसाठी सांगलीतही तसंच कार्यालय आहे.

पैसे देणारं ऑफिस प्रयागराजचं, संरक्षण लेखा विभागाचं पेन्शन कार्यालय. त्याची सगळी यंत्रणा आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आहे. मृत्यूची माहिती, फॅमिली पेन्शन आणि एलटीए, तिन्ही त्यावरच चालतं. स्पर्शचं लॉगिन वडिलांबरोबरच गेलं असेल, पासवर्ड कोणाला माहीत नसेल, तर बँकेतलं स्पर्श सेवा केंद्र किंवा गावातलं सीएससी केंद्र गाठा.

नोंदी तपासणारं रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. उठून बेळगावची गाडी पकडण्याआधी टपालाने किंवा ईमेलने अर्ज पाठवा आणि पोच जपून ठेवा. रेकॉर्ड ऑफिस दारात आलेल्या माणसाचं काम त्याच दिवशी करतं असा एक समज आहे. शोधशाखेतून फाइल निघायला वेळ लागतोच. प्रत्येक अर्जावर आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव आणि पीपीओ नंबर लिहा. नुसतं 'कै. तात्यांचे प्रकरण' लिहून काही सापडत नाही.

कागद कोणते?

मृत्यूचा दाखला सगळ्यांत आधी. नोंद २१ दिवसांच्या आत करायची, आणि मृत्यू जिथे झाला तिथे. वडील पुण्यात दवाखान्यात गेले आणि अंत्यविधी गावी झाला, तरी नोंद पुण्याचीच. गावच्या ग्रामपंचायतीत दुसरी नोंद करायला जाऊ नका, दोन दाखले झाले की नवं झेंगट. मूळ दाखल्याच्या जास्त प्रती एकदमच घ्या.

त्याबरोबर पीपीओ आणि त्याच्या दुरुस्त्या, डिस्चार्ज बुकाची प्रत, दावेदाराचं आधार आणि पॅन, खात्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान, नॉमिनेशन असेल तर त्याची प्रत, नसेल तर वरचे वारसाचे कागद. पेन्शन आधी बँकेतून येत होती आणि नंतर स्पर्शवर गेली असेल, तर बँकेने कधीपर्यंत किती दिलं याचा हिशोबही मागितला जातो. जुन्या काळातल्या फरकासाठी बँकेकडून तो लेखी घेऊन ठेवा.

आईला फॅमिली पेन्शन किती मिळेल? शेजारच्या काकूंना जास्त आहे.

साधारण दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, किमान मूळ ९,००० रुपये, त्यावर महागाई दिलासा. पेन्शन पगाराच्या निम्मी असते, म्हणजे ३० टक्के हे पूर्ण पेन्शनच्या साठ टक्क्यांच्या आसपास बसतात. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव दर, ५० टक्के, सात वर्षं किंवा मृत व्यक्ती ६७ वर्षांची झाली असती त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल ते. वडील ५८ व्या वर्षी गेले तर पूर्ण सात वर्षं. ६३ व्या वर्षी गेले तर चारच. सत्तरीत गेले तर पहिल्या दिवसापासून साधा दर. काकूंचे यजमान लवकर गेले असतील, म्हणून जास्त. लष्करी सेवेमुळे मृत्यू झाला असेल तर विशेष दर ६० टक्के, आणि युद्धात किंवा त्या स्वरूपाच्या कारवाईत झाला असेल तर पगाराइतकी पूर्ण. त्याचे नियम वेगळे आहेत.

वडिलांनी पेन्शन विकली होती, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घेतला होता. तो कापलेला भाग आईच्या पेन्शनमधून वसूल होईल का?

नाही.

वडील तीन वर्षं अंथरुणावर होते. हयातीचा दाखला दिला नाही म्हणून पेन्शन थांबली आणि तशातच गेले. बुडाली का?

बुडाली नाही. दाखला नसल्यामुळे देणं थांबतं, हक्क संपत नाही. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख हाच ते तोपर्यंत हयात असल्याचा पुरावा. थांबलेल्या तारखेपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतची सगळी रक्कम एलटीए म्हणून मागा. बँकेचं स्टेटमेंट जोडा, शेवटची जमा कधीची ते त्यावर दिसतं. हयात असलेल्यांसाठी एवढंच सांगू, की आता मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण देता येतं. आजारी माणसाला रिक्षात घालून बँकेत न्यायची गरज नाही.

आता आईही गेली. वडिलांचा फरक मागायचा राहूनच गेला.

दोन दावे होतात. वडिलांच्या हयातीतला फरक वडिलांच्या नॉमिनीचा किंवा वारसांचा. आईच्या फॅमिली पेन्शनमधला न मिळालेला भाग हा आईचा एलटीए, तो तिच्या नॉमिनीचा किंवा वारसांचा. दोघांचे मृत्यूदाखले, दोन वेगळे अर्ज. एकाच अर्जात कोंबलं की फाइल परत येते. उशिराच्या दाव्याला जास्त कागद आणि वरची मंजुरी लागू शकते, त्यामुळे पहिल्या वर्षातच मागितलेलं बरं.

वडील बेपत्ता आहेत, मृत्यूचा दाखला नाही.

पोलिसांत तक्रार नोंदवा आणि शोध लागला नाही असा पोलिसांचा अहवाल घ्या. तक्रारीच्या तारखेपासून सहा महिन्यांनी, बंधपत्रावर, फॅमिली पेन्शन आणि थकलेली रक्कम मागता येते. त्यासाठी सात वर्षं थांबावं लागतं हा गैरसमज आहे. सात वर्षांचा नियम मृत्यू गृहीत धरण्याचा आहे.

वडिलांची दोन लग्नं. दोन्ही आया हयात आहेत.

पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट नसताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याने रद्दबातल. त्यामुळे फॅमिली पेन्शनवर दुसऱ्या आईचा हक्क येत नाही. तिच्या मुलांचा मात्र विचार होतो, त्यांना वगळून अर्ज करू नका. एलटीएलाही मुलं वारस आहेत. असं प्रकरण वकिलाशिवाय पुढे नेऊ नये.

अपंगत्व पेन्शनची केस चालू असताना वडील गेले.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. वारसांना अर्जदार म्हणून रेकॉर्डवर आणण्यासाठी वकिलाला ताबडतोब सांगा, मुदत चुकवू नका. निकाल बाजूने लागला तर मृत्यूपर्यंतचा फरक एलटीए म्हणून घरी येतो.

यावर टॅक्स लागतो?

एलटीए हे मृत व्यक्तीचं उत्पन्न, वारसाने त्याच्या वतीने विवरणपत्र भरायचं. फॅमिली पेन्शन 'इतर स्रोतां'त येते. तिच्यातून एक तृतीयांश किंवा ठरावीक मर्यादा, जी कमी ती, वजा होते. जुन्या पद्धतीत १५,००० रुपये, नव्या पद्धतीत २५,०००. परमवीर, महावीर आणि वीरचक्र विजेत्यांची पेन्शन आणि त्यांच्या घरची फॅमिली पेन्शन करमुक्त आहे.

अजून कुठे काही राहिलेलं असू शकतं?

आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा निवृत्तीनंतरचा विमा, मुदत संपली नसेल तर. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आईच्या नावाने फॅमिली पेन्शनर म्हणून अद्ययावत करून घ्या, नाहीतर दवाखान्यात ऐन वेळी अडतं.

अर्ज करून महिने झाले, कोणी दाद देत नाही.

आधी स्पर्शवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक घ्या. मग केंद्राचं पेन्शन तक्रारींचं सीपेनग्राम्स पोर्टल. तरीही नाही हललं तर माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा: अमुक पीपीओच्या एलटीए दाव्यावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली आणि फाइल कोणाकडे आहे? हा प्रश्न बरंच काम करतो. 'रक्षा पेन्शन समाधान आयोजन' नावाचे मेळावे भरतात, पूर्वी त्यांना पेन्शन अदालत म्हणत. जवळ भरला तर मूळ कागद घेऊन जा.

एक जण म्हणतो, दहा टक्के द्या, महिन्यात काढून देतो.

देऊ नका. जो कोणी फोनवर ओटीपी मागतो त्यालाही नाही. त्याने स्पर्शवरचं खातं दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं.

वडील अजून हयात आहेत. आत्ताच काय करून ठेवावं?

त्यांना स्पर्शमध्ये लॉगिन करून तीन जागा उघडायला सांगा: एलटीएचा नॉमिनी कोण आहे, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, आणि दिव्यांग मूल असेल तर त्याची नोंद आहे का. दुरुस्ती पेन्शनरने स्वतः मागितली तर तुलनेने सोपी जाते. आईचं आधार तिच्याच हातातल्या मोबाइलशी जोडलेलं असू द्या, मुंबईतल्या मुलाच्या नंबराशी नाही. तिचं स्वतःच्या नावाचं एक बचत खातं चालू असू द्या. आणि बँकेच्या खात्याला वेगळं नॉमिनेशन लागतं, तेही त्याच फेरीत उरकून घ्या.